आरव्ही घेऊन हूवर डॅम: थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात जातोय, पार्किंग आणि टूरचं काय?

पुरणपोळी_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी,

आयुष्यात पहिल्यांदा आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची, बाथरूमची सोय असलेली गाडी) भाड्याने घेतोय त्यामुळे थोडी धाकधूक आहे, जाणकारांनी प्लीज मदत करा. क्लास सी म्हणजे मधल्या आकाराची आहे, २८ फुटी. माणसं सहा: मी, नवरा, मुलगी १०, मुलगा ६ आणि आईबाबा, जे सध्या इकडे आलेत. रूट असा ठरवलाय की बेकर्सफील्ड, टेहाचपी, बार्स्टो करत वेगासच्या बाजूने जायचं (वेगासमध्ये मुक्काम नाही, आईने "जुगाराच्या गावात मी झोपणार नाही" असं डिक्लेअर केलंय), मग हूवर डॅम (नेवाडा-ॲरिझोनाच्या सीमेवर, कोलोरॅडो नदीवरचं धरण), आणि तिथून किंगमन-विल्यम्सवरून ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम.

आता खरी गोष्ट सांगते, ही ट्रिप डॅमसाठी आहे. बाबा पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं होते, उपअभियंता म्हणून रिटायर झाले, आणि इथे आल्यापासून गोल्डन गेट बघितला, योसेमिटी बघितलं, सगळ्याला "छान आहे" एवढंच म्हणतात. हूवर डॅमचं नाव काढल्यावर मात्र माणूस उठून बसला. म्हणाले कॅन्यन-बिन्यन तुम्ही दाखवाल ते बघेन पण धरण मला घाईत दाखवू नका, आतून बघायचंय. म्हणजे नुसतं वर उभं राहून फोटो काढून चालणार नाही.

तर प्रश्न असे की आरव्ही डॅमपर्यंत नेऊ देतात का, कारण कोणीतरी म्हणालं की सिक्युरिटीमुळे परत पाठवतात, पार्किंगमध्ये २८ फूट मावतं का, आतली टूर कुठली घ्यायची, आणि सहा वर्षाच्या मुलाला आत नेता येतं का. आम्ही बुधवारी रात्री बोल्डर सिटीच्या आसपास पोचू आणि गुरुवारी सकाळी डॅम करून दुपारी निघू असा प्लॅन आहे. आरव्ही चालवण्याबद्दलही काही टिप्स असतील तर द्या, नवरा यूट्यूब बघून बघून आता तज्ज्ञ झालाय पण माझा विश्वास नाही.

---

चाकावरचं_घर

ताई, सगळ्यात आधी, गुरुवार बदला! थँक्सगिव्हिंगच्या दिवशी आणि ख्रिसमसला व्हिजिटर सेंटर आणि टुरा बंद असतात. वर्षातले दोनच दिवस बंद आणि त्यातला एक तुम्ही धरलाय. शुक्रवार करा, किंवा मंगळवारीच पोचून बुधवारी सकाळी करा, शुक्रवारी गर्दी असते.

आता आरव्हीचं. नेऊ देतात. डॅमच्या आधी एक चेकपॉइंट आहे, आरव्ही हमखास बाजूला घेतात, दार उघडून आत नजर टाकतात, बाहेरचे स्टोरेजचे कप्पे उघडायला लावू शकतात. आमच्या वेळी पाच-सात मिनिटं लागली, माणूस नीट बोलला. फक्त आतमध्ये पसारा नको, आमच्या बाथरूममध्ये सुकत घातलेल्या टॉवेलांचा ढीग होता त्याचीच लाज वाटली.

पार्किंगची गंमत अशी आहे की नेवाडा बाजूला जे बहुमजली पार्किंग आहे, अगदी व्हिजिटर सेंटरला लागून, त्यात आरव्ही, ट्रेलर, मोठ्या गाड्या घेत नाहीत. तिकडे वळू नका, वळलात तर मागे दहा गाड्यांची रांग आणि तुम्हाला रिव्हर्स घ्यायचाय असा सीन होतो. सरळ धरणाच्या भिंतीवरून गाडी चालवत पलीकडे ॲरिझोना बाजूला जायचं, तिथे उघडे लॉट आहेत, मोठ्या गाड्यांची सोय तिथे. २८ फूट आरामात. मग तिथून भिंतीवरून चालत परत नेवाडात यायचं. भिंत माथ्यावर १,२४४ फूट लांब आहे आणि लॉटपासून उतार वेगळा, जाताना बरं वाटतं, येताना चढ. आईबाबांना त्यांच्या वेगाने चालू द्या. नोव्हेंबरात ठीक आहे, उन्हाळ्यात तिथे ११० फॅरनहाइट असतं आणि काँक्रीट तापतं, तेव्हा मी कुणालाच सांगणार नाही.

ॲरिझोना बाजूने तो रस्ता पुढे जात नाही बरं का. पूर्वी यूएस ९३ हायवेच धरणावरून जायचा, आता वरून मोठा पूल झालाय (२०१० ला उघडला), त्यामुळे बघून झाल्यावर परत भिंतीवरूनच नेवाडात यायचं, आय-११ पकडायचा आणि मग पुलावरून किंगमनकडे. डॅमकडे येताना एक्झिट चुकवलात तर थेट पुलावर चढाल आणि पुलाचे कठडे असे आहेत की गाडीतून डॅम दिसतच नाही, बाबा चिडतील. पुलावर चालायला वेगळा फुटपाथ आहे, खाली पार्किंग आहे, तिथून समोरून अख्खी भिंत दिसते. नदीपासून साधारण ९०० फूट वर. ज्यांना उंचीची भीती त्यांनी मुलांकडे बघत चालावं.

आणखी एक. नेवाडा पॅसिफिक टाइमवर, ॲरिझोना माउंटनवर. उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही म्हणून दोन्हीकडे एकच वेळ असते, पण नोव्हेंबरात एक तासाचा फरक. तुमची आरव्ही एका टाइमझोनमध्ये आणि टूर दुसऱ्या. फोनवर विश्वास ठेवू नका.

मुक्काम बोल्डर बीचच्या बाजूला करा, लेक मीड नॅशनल रिक्रिएशन एरियामध्ये. पार्कचा कॅम्पग्राउंड आहे तिथे हुकअप नाही, शेजारी आरव्ही व्हिलेज आहे तिथे पाणी-लाइट-सांडपाणी सगळं जोडता येतं. सहा माणसं म्हणजे टाक्या लवकर भरतात, मी हुकअपवालीच घेईन. आणि नवऱ्याला सांगा टेहाचपी ते बार्स्टो वारं फार असतं, क्लास सी म्हणजे मोठं खोकं, बाजूने ढकलतं, ५५-६० च्या वर जायचं नाही.

---

बाकी_मस्त

माझं प्रामाणिक मत, आरव्ही कॅन्सल करा. मिनीव्हॅन घ्या आणि हॉटेल. गॅलनला ८-१० मैल देणारी गाडी, त्याचं भाडं, वर कॅम्पसाइटचं भाडं, आणि संडासाची टाकी आपण स्वतः रिकामी करायची, याला सुट्टी म्हणतात?? आम्ही एकदा केलं, भाड्याने देणाऱ्यांनी सांगितलं टाकी नवीनासारखी आहे आणि सेन्सर चार दिवस "फुल" दाखवत होता. त्यानंतर आमच्या घरात आरव्ही हा शब्द काढायचा नाही असं ठरलंय.

---

निमा_आणि_कंपनी

@बाकी_मस्त, असं नका हो. वयस्कर माणसं बरोबर असली की स्वतःचं बाथरूम स्वतःबरोबर फिरतं याच्यासारखं सुख नाही. मोजावेच्या वाळवंटात रेस्ट एरिया शोधत बसण्यापेक्षा केव्हाही बरं.

ताई, मुलांसाठी दोन गोष्टी. बोल्डर सिटीत हेमेनवे पार्क म्हणून आहे, तिथे मोठ्या शिंगांच्या जंगली मेंढ्या डोंगरावरून हिरवळ खायला उतरतात, चक्क बागेत. अंतर ठेवून बघा. आणि लेक मीडच्या बाजूने जुन्या रेल्वेची पायवाट आहे, धरण बांधताना सामान न्यायला जी लाइन टाकली होती ती, पाच बोगदे आहेत. एका बाजूने साडेतीन-पावणेचार मैल होते, पूर्ण नका करू, दोन-तीन बोगदे बघून परत फिरा, सपाट आहे.

आईला सांगा बोल्डर सिटीत निर्धास्त झोपा, तिथे जुगाराला बंदी आहे! ते गाव धरणाच्या कामगारांसाठी सरकारने वसवलं तेव्हापासूनचा नियम, नेवाडात असूनही.

आणि फोडणी करताना खिडकी आणि वरचा पंखा दोन्ही चालू ठेवा, नाहीतर स्मोक अलार्म असा बोंबलतो की शेजारचे बाहेर येतात. अनुभव, पोह्यांचा.

---

गाळमोरी

धागा बघून राहवलं नाही, मी पण सिव्हिलवाला. काकांना नमस्कार सांगा.

टूर दोन आहेत. एक पॉवरप्लँट टूर, ती ऑनलाइन बुक होते. लिफ्टने खाली नेतात, ३० फूट व्यासाच्या पेनस्टॉकवर (टर्बाइनकडे पाणी नेणारा पाइप) उभं करतात, पाणी जात असलं की पायाखाली थरथर जाणवते, आणि मग नेवाडा विंगमधले आठ जनरेटर गॅलरीतून दिसतात (एकूण मोठे १७, दुसऱ्या बाजूला नऊ). दुसरी डॅम टूर, ती म्हणजे हे सगळं अधिक धरणाच्या पोटातल्या तपासणी गॅलऱ्या, जिथून भिंतीच्या दर्शनी भागातल्या एका हवेच्या झरोक्यापर्यंत जाता येतं आणि नदी दिसते. काकांसाठी हीच. पण हिची तिकिटं जागेवरच मिळतात, जागा मोजक्या, आधी येईल त्याला, म्हणून खिडकी उघडायच्या आधी जाऊन उभं राहायचं. आठ वर्षांखालच्या मुलांना हिच्यात नेत नाहीत, चिंचोळ्या जागा आहेत, व्हीलचेअर चालत नाही. बंद जागेची भीती असेल किंवा पेसमेकर असेल तर घेऊ नका असं तेच सांगतात. म्हणजे तुमच्या घरात दोन गट पाडावे लागणार.

सामान्य लोक उंची बघतात, ७२६ फूट, पण मला विचाराल तर खरी मजा काँक्रीट थंड कसं केलं यात आहे. भिंत पायथ्याशी ६६० फूट जाड, माथ्यावर ४५. एवढं काँक्रीट एका दमात ओतलं असतं तर सिमेंटच्या उष्णतेने ते निवायला शंभरावर वर्षं गेली असती आणि तडे गेले असते ते वेगळेच. म्हणून उभे उभे खांब करून पाच-पाच फुटांचे थर टाकले, प्रत्येक थरात एक इंची लोखंडी पाइप घातले, त्यातून आधी नदीचं आणि मग बर्फगार पाणी फिरवलं, आणि गार झाल्यावर तेच पाइप ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरून बंद. सगळे मिळून ५८२ मैल पाइप. पहिलं काँक्रीट जून १९३३ आणि शेवटचं मे १९३५, दोन वर्षं सुद्धा नाहीत!

मुलगी १० ची आहे म्हणजे विचारेलच की माणसं आत गाडली गेली आहेत का. नाही. एक बादली ओतली की थर जेमतेम काही इंच वर चढायचा, त्यात माणूस पुरला जाणंच शक्य नाही. अधिकृत आकडा ९६ मृत्यूंचा आहे, दरडी, पडणं, स्फोट, असे. पण उन्हाळ्यात बोगद्यांत गाड्यांच्या धुराने जे आजारी पडून गेले त्यांची नोंद न्यूमोनिया अशी झाली आणि ते त्या ९६ मध्ये नाहीत. मला ही दंतकथेपेक्षा जास्त टोचणारी गोष्ट वाटते, तिथल्या फलकांवर मात्र ती शोधावी लागते. आणि एक विचित्र योगायोग, बांधकामाच्या बऱ्याच आधी एका २० डिसेंबरला जे. जी. टिअर्नी नावाचा सर्व्हेचा माणूस नदीत बुडाला, आणि बरोबर त्याच तारखेला, २० डिसेंबर १९३५ ला, त्याचाच मुलगा पॅट्रिक इनटेक टॉवरवरून (जलाशयातलं पाणी आत घेणारा मनोरा) पडून गेला.

काकांना एक प्रश्न गाइडला विचारायला सांगा, ग्राउटिंगचा. जलाशय भरायला लागल्यावर पायाखालून गळती आणि भिंतीला खालून वर रेटणारा पाण्याचा दाब अपेक्षेपेक्षा बराच जास्त निघाला, आणि मग १९३८ पासून ४७ पर्यंत, नऊ वर्षं, गॅलऱ्यांमध्ये बसून पुन्हा खोल भोकं पाडून ग्राउटचा पडदा वाढवला. टूरमध्ये हे स्वतःहून कोणी सांगत नाही पण ज्याने धरण सांभाळलंय त्याला गळती किती हाच पहिला प्रश्न पडतो.

ॲरिझोना बाजूला आरव्ही लावून चालत येताना तिकडचा सांडवा लागतो, प्रचंड खड्डा, तिथे थांबा. दोन्ही सांडवे आजवर दोनदाच वाहिलेत, १९४१ ला चाचणी म्हणून आणि १९८३ ला पुरात. आता पाण्याची पातळी बघितलीत तर सांडव्याला पाणी लागणं स्वप्नच आहे, २०२२ च्या जुलैत ती समुद्रसपाटीपासून १,०४० फुटांपर्यंत खाली गेली होती, भरलेलं असताना १,२२० च्या आसपास. कातळावर जो पांढरा पट्टा दिसतो तो तेवढा फरक आहे.

जाता जाता, काका भाक्राचं नाव काढतीलच. उंचीत भाक्रा थोडं जास्तच आहे, २२६ मीटर, हे २२१. आणि भाक्रा बांधायला ज्याला आणलं तो हार्वे स्लोकम अमेरिकनच, ग्रँड कुली धरणावर काम केलेला.

---

पुरणपोळी_फ्रीमाँट

बापरे, केवढी माहिती! @चाकावरचं_घर तुमचे किती आभार मानू, नवऱ्याला गुरुवारचं सांगितलं तर म्हणे "मला वाटलंच होतं", असो. बुधवार ठरला.

@गाळमोरी, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ग्राउटिंगपाशी त्यांनी थांबवून परत वाचायला लावलं. आईला पेसमेकर आहे म्हणजे ती आणि चिरंजीव डॅम टूरला नाहीत. त्या दोघांनी तासभर काय करावं? आणि बॅगेत पाणी, खाऊ चालतं का?

---

निमा_आणि_कंपनी

खाऊ आत नेऊ देत नाहीत, पाणी चालतं. मोठ्या बॅगा आणि चाकू-सुरी बिलकुल नाही, एअरपोर्टसारखं स्कॅन आहे. आईंना बाहेरचे ते पंखवाले पुतळे दाखवा, ब्राँझचे ३० फूट उंच, हान्सेन नावाच्या शिल्पकाराचे. त्यांच्या पायाची बोटं चोळली की नशीब फळफळतं म्हणून लोकांनी चोळून चोळून सोन्यासारखी केलीत. जमिनीवर ताऱ्यांचा नकाशा कोरलाय, ३० सप्टेंबर १९३५ ला रूझवेल्टनी उद्घाटन केलं त्या दिवशीचं आकाश, म्हणजे हजारो वर्षांनी कोणी आलं तरी ताऱ्यांवरून तारीख काढता येईल. आणि जवळच कामगारांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे, सहा वर्षांचा मुलगा तिथून हलणार नाही बघा.

---

पुरणपोळी_फ्रीमाँट

परत आलो, कपडे धुणं चालू आहे, तोवर रिपोर्ट देते.

मंगळवारी रात्री बोल्डर बीचला पोचलो. टेहाचपीनंतर वाऱ्याने जे काही झालं ते लिहीत नाही, नवरा स्टिअरिंग सोडून उतरला तेव्हा बोटं सरळ होत नव्हती एवढंच. बाबांना चालत्या गाडीत चहा करायचा होता, "गॅस आहे की समोर", त्यांना पट्टा लावून बसवण्यात दोनशे मैल गेले.

बुधवारी सकाळी चेकपॉइंट पार करून ॲरिझोनात गाडी लावली आणि फोन बघते तर ९:४०! सगळे धावत सुटलो, मी मुलांना ओढतेय, आई मागून "अगं हळू", आणि बाबा आपले सांडव्यापाशी कठड्याला टेकून उभे. मी ओरडले बाबा तिकिटं जातील, तर त्यांनी शांतपणे एचएमटीचं घड्याळ दाखवलं, ८:४०. ते आदल्या दिवशी कॅलिफोर्नियाच्या वेळेवर होतं तसंच होतं. पुढे इनटेक टॉवरवर दोन घड्याळं, एकावर नेवाडा टाइम, एकावर ॲरिझोना टाइम, आणि मी हा धागा चारदा वाचूनही फोनवरच विश्वास ठेवला होता.

बरं झालं तो तास मिळाला, कारण दारावर काय न्यायचं नाही याची यादी वाचता वाचता बाबांनी खिशातून अडकित्ता काढला. सुपारी कातरायचा! मी म्हटलं बाबा हा घेऊन तुम्ही चेकपॉइंटवरून आलात? "त्यांनी विचारलं नाही." मग नवरा अडकित्ता घेऊन नेवाडातून ॲरिझोनात आणि परत नेवाडात, एकटा, भिंतीवरून.

डॅम टूर मिळाली, आम्ही चौघं गेलो. गॅलरीत शिरल्यावर सगळे मान वाकवून फोटो काढत होते, बाबा खालच्या बाजूच्या पन्हळीतून वाहणारं पाणी बघत होते. भिंतींवर जुन्या नोंदी आहेत पेन्सिलीने केलेल्या, ते दिसल्यावर तर थांबलेच, मागची लाइन अडली. मग गाइडला विचारलं, इंग्रजी शब्द अडला की मी मदत करेन म्हणून तयार होते पण गरजच पडली नाही, गळती मोजता कशी, ग्राउटिंग परत का करावं लागलं, दाब आता किती. गाइडने आधी पाठ केलेलं उत्तर दिलं, मग दुसऱ्या प्रश्नाला थांबली, आणि विचारलं "सर, तुम्ही धरणांवर होतात का?" त्यानंतर टूर त्या दोघांचीच झाली, आम्ही बाकीचे मागे मागे. शेवटी भाक्राचं बाबांनी सांगितलंच, चार-पाच मीटरचा फरक हाताने दाखवून.

झरोक्यापाशी लेक म्हणाली आजोबा बघा पूल किती वर आहे, तर बाबा म्हणे पूल नंतर, आधी हाताने बघ काँक्रीट कसं लागतं, नव्वद वर्षं झाली.

आई आणि चिरंजीव कुत्र्याच्या समाधीपाशी सापडले. आईने पुतळ्याची बोटं चोळली होती, "सगळे करत होते म्हणून". मेंढ्या पण बघितल्या, सोळा मोजल्या मुलाने.

ग्रँड कॅन्यनला रात्री पाणी गोठलं, बाहेरचा पाण्याचा पाइप जोडलेलाच ठेवून झोपलो होतो, सकाळी पाइप काठीसारखा. सात हजार फुटांवर आहे, नोव्हेंबर आहे, कोणीतरी सांगायला हवं होतं @चाकावरचं_घर 🙂 टाकीतलं पाणी वापरून निभावलं. @बाकी_मस्त, टाकी रिकामी करायचं काम नवऱ्याने दोनदा केलं, दुसऱ्यांदा बाबा शेजारी उभं राहून व्हॉल्व्ह कुठला आधी उघडायचा हे सांगत होते. काळी (संडासाची) टाकी आधी, करडी (सिंक-आंघोळीच्या पाण्याची) नंतर, म्हणजे करड्या पाण्याने पाइप धुतला जातो, हे त्यांना पाच मिनिटांत कळलं जे आम्हाला यूट्यूबवरून कळलं नव्हतं.

बाबांचं परतीचं तिकीट मार्चमध्ये आहे. काल रात्री नकाशा घेऊन बसले होते, याच नदीवर वरच्या अंगाला पेज गावापाशी ग्लेन कॅन्यन धरण आहे, ७१० फूट, ते राहिलं म्हणतायत. @गाळमोरी, फेब्रुवारीत तिकडे जाणं कसं असतं? नवरा मिनीव्हॅन म्हणतोय.

---

गाळमोरी

मिनीव्हॅन घ्या. पण काकांना आधी सांगून ठेवा की झायन नॅशनल पार्कवरून जायचं म्हणाले तर त्या जुन्या बोगद्याला गाडीच्या उंची-रुंदीचे नियम आहेत, आरव्हीचा हट्ट केला तर तिथे अडाल. बाकी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.